सत्तेचाळीस मिनिटं

डॉ. मकरंद आगट्यांची एकदा चांगली जिरवायची, हे मी तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक सभेत, हातात केसरीबाताची, म्हणजे शिऱ्याची, वाटी घेऊन उभी असताना ठरवलं. राग हळूहळू निवतो असं ऐकून होते. माझा निवला नाही. उलट दर सोमवारी त्याला नवी फोडणी बसत गेली.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर रागाचं कारण कळायचं नाही. कंपनी बंगळुरात, बेळ्ळंदूरला. ज्यांच्या किडन्या गेल्या आहेत त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. अशा नऊशे माणसांना घरून गाडीत घालून सेंटरवर वेळेत पोचवायचं आणि चार तासांनी घरी सोडायचं, हे आमचं काम. कुणाला कुठली गाडी, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्या सॉफ्टवेअरचा मेंदू आगट्यांचा. हातपाय, डोळे, कान आणि शिव्या खायचं तोंड माझं.

आगट्यांचे वडील इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत होते. जन्म मल्लेश्वरमचा, मराठी पुण्याची, पीएचडी परदेशातली. मी निपाणीची, नावगाव नसलेल्या कॉलेजातली साधी इंजिनिअर. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अरे वा, शिवलीला! ऑफिसात मराठी बोलायला घरचं माणूस मिळालं!" मीही खूश झाले. आठवड्याभरात कळलं, की घरच्या माणसाला हसायलाही सोपं जातं. बोलता बोलता मी कानडी वळणानं 'स्वल्प थांबा सर' म्हटलं, तर तेवढं एक वाक्य त्यांनी महिनाभर पुरवून वापरलं.

त्यांचं गणित मात्र सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. कमीत कमी वेळात सगळ्या पेशंटांना उचलणारी वाट त्यांची पद्धत हमखास शोधून काढते, याची सिद्धता त्यांनी तीन फळे भरून मांडली होती. ती मला पहिल्याच वाचनात समजली. लोकांना वाटतं, मला ती समजत नाही म्हणून मी चिडते.

पण फळ्यावर सगळं खरं असतं. नकाशा खरा, घड्याळ खरं, माणसंही खरं बोलणारी. बाहेर तसं नसतं. बनशंकरीच्या देवळाबाहेर मंगळवारी राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला एवढी गर्दी होते, की दुपारी तीन ते साडेचार तिथून गाडी काढणं अशक्य. नकाशाला राहुकाळ माहीत नाही. ड्रायव्हर 'पोचलो' हे बटण पोचायच्या आधीच दाबतात. उशीर दिसला की ट्रॅव्हल्सवाला ओरडतो, म्हणून टोलनाक्यावर चहा पिता पिता दाबून मोकळे होतात. आगट्यांचं गणित त्या बटणावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं. गाडी पोचली, दहा मिनिटं झाली, पेशंट बसला नाही, म्हणजे त्याला आज यायचं नाही. गाडी पुढच्याकडे पाठवा. पेशंट बिचारा दारात उभा आणि गाडी नाक्यावरूनच दुसरीकडे वळलेली.

आणि देवनहळ्ळीच्या मालनबाई. मूळच्या चिकोडीच्या, मुलगा विमानतळावर कामाला लागला म्हणून म्हातारपणी इकडे आलेल्या. द्राक्षमळा मोडून पाडलेल्या एका लेआउटमध्ये राहतात. नकाशात त्यांच्या दारापर्यंत चाळीस फुटी रस्ता आहे. प्रत्यक्षात त्या रस्त्याला फाटक आहे आणि त्याचा वॉचमन सात वाजल्याशिवाय कुलूप काढत नाही. मालनबाईंना सातला हेब्बाळच्या सेंटरवर खुर्चीत असायला हवं. सव्वासातपर्यंत माणूस आलं नाही, तर खुर्ची दुसऱ्याला देतात. गाडी मागच्या बाजूनं, उरलेल्या मळ्याच्या बांधावरून न्यायची, हे मला त्यांच्याशी फोनवर बोलून कळलं. ते मी लिहून ठेवलं, सिस्टीममध्ये नियम म्हणून घातलं आणि त्या दिवसापासून त्यांची गाडी चुकली नाही.

असे सहा वर्षांत तीनशे बारा नियम झाले. प्रत्येकामागे एक फोन, एक रडणारा पेशंट नाहीतर खोटं बोलणारा ड्रायव्हर. कुठला नियम कधी घातला, का घातला आणि तो काढला तर काय बिघडेल, हे प्रत्येकाखाली लिहिलेलं. माझ्या मते सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच. उत्तर सापडल्यानंतर ते रोज सकाळी खरं ठरवत बसायचं.

आगटे त्याला ठिगळं म्हणायचे.

वार्षिक सभेत नव्या मुलांपैकी एकीनं विचारलं, की सायन्स टीम आणि इंजिनिअरिंग टीम यांत फरक काय? आगट्यांनी माईक हातात घेतला. "सोपं आहे. आम्ही कम्प्युटर सायन्स करतो, म्हणजे उत्तर शोधतो. शिवलीलाची टीम सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग करते, म्हणजे नळ गळला की वायसर बदलते." दोनशे माणसं हसली. माझे वडील निपाणी नगरपालिकेत गल्लोगल्ली पाणी सोडायचं काम करत. कुठल्या गल्लीत म्हातारी एकटी आहे, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, हे त्यांना तोंडपाठ असे. ते आगट्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ते बोलले असते. त्या दिवसापासून ऑफिसात मी 'प्लंबर अक्का' झाले आणि तोंडावर हसत राहिले.

पुढे त्यांचा शोधनिबंध आला. 'अठ्ठ्याण्णव टक्के पेशंट वेळेवर.' तो आकडा माझे नियम चालू असतानाचा होता. नुसत्या गणितावर आम्ही सुरुवातीला चालायचो तेव्हा तो एकाहत्तर होता. निबंधात माझं नाव शोधलं. शेवटी 'इंजिनिअरिंग टीमचे आभार' एवढं सापडलं.

गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले. "शिवलीला, सोमवारपासून तीन दिवस तुझी ठिगळं काढून टाकतोय. पुढच्या गुरुवारी युनिव्हर्सिटीची माणसं येतायत. त्यांना क्लीन रिझल्ट दाखवायचाय. त्या ठिगळांमुळे मॉडेलचं खरं रूपच दिसत नाही."

माझ्या जिभेवर एकाहत्तर आला होता. मी तो गिळला.

"सरी, सर," मी कानडीत 'बरं' म्हणाले.

ते हसले. "भांडली नाहीस आज?"

"तुमचं मॉडेल आहे. सिद्ध केलंय तुम्ही."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सिस्टीममध्ये कुणीही बदल केला, अगदी आगट्यांनी केला, तरी दुसऱ्यानं तो वाचून मंजूर करावा लागतो. वाचणाऱ्याला धोका दिसला तर त्यानं तिथंच लिहायचं. न लिहिता मंजूर केलं, तर त्याचा अर्थ 'मी पाहिलं, काही धोका नाही' असा होतो. मी आगट्यांच्या बदलांवर एकेका वेळी तीस-तीस शेरे लिहीत असे आणि ते दातओठ खात एकेक दुरुस्त करत. त्यांच्या गणिताची अब्रू सहा वर्षं त्या शेऱ्यांनी झाकली होती. शुक्रवारी त्यांचा बदल माझ्याकडे आला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कुठं काय कोसळणार ते मला बोट ठेवून सांगता येत होतं. मी एक अक्षर न लिहिता मंजूर केलं. इतकं बरं मला त्या ऑफिसात कधीच वाटलं नव्हतं.

सोमवार हा वाईट वार असतो. सोम-बुध-शुक्रवाल्या पेशंटांचं मध्ये दोन दिवस डायलिसिस नसतं. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, छाती भरून येते. सोमवारची खुर्ची चुकली तर काय होऊ शकतं, हे मला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. म्हणून मी शनिवारी बसून एक स्विच तयार केला. एक बटण दाबलं की तीनशे बारा नियम जसेच्या तसे परत. दोनदा तपासून पाहिलं, वीस सेकंद लागत होते. बेत साधा होता. पडद्यावर गाडी चुकलेल्या पेशंटांचे लाल ठिपके उमटतील, आगट्यांचा धीर सुटेल, ते मला फोन करतील, मी त्यांच्याकडून सगळ्यांसमोर चूक कबूल करून घेईन आणि बटण दाबीन. दहा मिनिटांचा खेळ. कुणाला काही होणार नव्हतं.

सोमवारी पहाटे बनशंकरीच्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी बसले. कॉफी केली. साडेपाचला पहिला ठिपका लाल झाला, पावणेसहाला सात. सहा वाजून पाच मिनिटांनी एकेचाळीस होते. तेवढ्यात फोन वाजला. मालनबाईंकडे माझा नंबर होता, मीच दिलेला.

"पोरी, गाडी कुठं हाय गं? साडेपाचपास्नं बांधावर हुबी हाय मी."

गाडी बंद फाटकापाशी जाऊन वळली होती, ते मला पडद्यावर दिसत होतं. बोट बटणापाशी होतं.

"येतेय मावशी. पाच मिनिटं."

"बरं. पाय लई सुजल्यात, म्हणून इचारलं. तू हाईस न्हवं, मग काळजी न्हाई."

फोन ठेवला. ऑफिसच्या ग्रुपवर आगट्यांचा निरोप आला: 'मॉडेल ठीक आहे. जीपीएसचा डेटा खराब दिसतोय. बघतो.' डेटा खराब! सहा वर्षं ती खराबी मी हातानं निवडत होते. मी बटणावरचं बोट काढलं.

सव्वासहाला कल्लाप्पाचा फोन. आमच्या गाड्यांवरचा जुना ड्रायव्हर, बटण खोटं न दाबणारा बहुधा एकटाच. "अक्का, मी चिक्कजाळात रिकामाच हाय. मालनमावशीचा मला बी फोन आल्ता. दहा मिनटात उचलतो बघा त्यास्नी. पर सिस्टीम मला यलहंक्याला जा म्हणालीया. काय करू?"

चिक्कजाळाहून मालनबाईंचं घर आणि तिथून हेब्बाळ. एवढ्या सकाळी सातच्या आसपास ते पोचले असते. मी गणित केलं, मलाही येतं गणित. पण एक ठिपका मी हातानं हिरवा केला, की आगटे म्हणणार, बघा, आपोआप सुधारतंय.

"सिस्टीम सांगते तिथं जा," मी म्हणाले.

"मावशी बांधावर हाईत, अक्का."

"कल्लाप्पा, सांगितलं ना."

"सरी, अक्का."

साडेसहाला मालनबाईंचा परत फोन आला. "स्वल्प दम लागाय लागलाय गं. कट्ट्यावर टेकले हाय." मी परत 'पाच मिनिटं' म्हणाले. कॉफीवर साय धरली होती.

सहा चाळीसला आगट्यांचा फोन. आवाज पार उतरलेला. "शिवलीला, अगं, तुझी ती फाईल परत टाकता येईल का?"

"कुठली फाईल, सर?"

"ती... नियमांची."

"ठिगळांची का? टाकता येईल की. तुमचा निर्णय ग्रुपवर जाहीर झालाय. बदललाय तोही ग्रुपवर लिहा. आणि का बदललाय तेही."

"आत्ता? अगं, पेशंट ताटकळलेत!"

"मग लवकर लिहा, सर."

त्यांना बारा मिनिटं लागली. त्या माणसानं बारा मिनिटं एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. स्क्रीनवर 'मकरंद टाइप करत आहे' दिसायचं, नाहीसं व्हायचं, आणि मी त्याची चव घेत बसले होते. सहा बावन्नला आलं: 'माझा निर्णय चुकला. शिवलीलाचे नियम नसतील तर ही सिस्टीम चालत नाही. ते परत सुरू करावेत, ही विनंती.' मी ते तीनदा वाचलं. त्याचा फोटो काढून ठेवला. मग बटण दाबलं. वीस सेकंदांत ठिपके एकेक करून हिरवे व्हायला लागले.

मालनबाईंना घ्यायला गाडी सात वाजून वीस मिनिटांनी पोचली. हेब्बाळच्या पुलावर तोवर गर्दी झाली होती. त्या सेंटरवर गेल्या तेव्हा साडेआठ व्हायला आले होते. खुर्ची दुसऱ्याला दिली होती. दुपारच्या पाळीत घेऊ, तोवर बसा, असं त्यांना सांगितलं. त्या बाकावर बसून राहिल्या. साडेदहाला त्यांना श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. तिथूनच त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि श्वासाच्या मशीनवर ठेवलं. लाल ठिपक्यांपैकी बाकीच्या सगळ्यांना उशिरानं का होईना खुर्च्या मिळाल्या. मला हे कल्लाप्पानं फोन करून सांगितलं. त्यानं दवाखान्याचं नाव सांगितलं. 'अक्का' मात्र म्हणाला नाही.

बुधवारी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बैठक होती. असा बिघाड झाला की आमच्याकडे त्याचा अहवाल लिहितात आणि सगळे बसून वाचतात. त्यात कुणाचं नाव घालायचं नाही हा नियम. दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो, असं धरून चालायचं. अहवाल मीच लिहिला होता. '६.०५ बिघाड लक्षात आला. ६.५२ सिस्टीम पूर्ववत.' एक अक्षर खोटं नव्हतं. मालनबाई तिसऱ्या दिवशीही मशीनवरच होत्या. मी सकाळी दवाखान्यात जाऊन आले होते. मुलगा बाहेर बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मशीनवर घेईपर्यंत आई सारखं तुमचंच नाव घेत होती, मॅडमनी गाडी धाडली म्हणत होती."

कंपनीच्या प्रमुख रम्या मॅडमनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "एक पेशंट गंभीर आहे, हे वाईटच. पण हे आणखी किती वाईट होऊ शकलं असतं, याचा मी विचार करतेय. शिवलीला, थँक यू."

मग आगटे उठले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ते त्या दिवशी इंग्रजीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मला एक सांगायचंय. मी परवापासून तिची फाईल वाचतोय. पहिल्यांदाच. तीनशे बारा नियम, प्रत्येकाखाली कारण. असं काम करायची माझी लायकी नाही. मी हिशेब केला, हे सगळं चालू सिस्टीमवर परत बसवायला मला निदान दोन दिवस लागले असते. माझ्या फोनच्या आधीच ती कामाला लागली असणार, तिनं ते सत्तेचाळीस मिनिटांत केलं. तीन वर्षांपूर्वी मी एका माईकवर मूर्खासारखं बोललो होतो. त्याची माफी मागतो." आणि ते टाळ्या वाजवायला लागले. मग रम्या मॅडम. मग सगळी खोली. सायन्सवाली मुलंसुद्धा उभी राहून.

हेच मला हवं होतं. रोज रात्री उशीला टेकल्यावर मी हेच पाहत आले होते, हीच खोली, हाच माणूस, मान खाली घातलेला. टाळ्या थांबेनात. सत्तेचाळीस मिनिटं, सत्तेचाळीस मिनिटं, असं कुणीतरी कुणाला कौतुकानं सांगत होतं. मी उठून उभी राहिले.

"सत्तेचाळीस मिनिटं लागली नाहीत," मी म्हणाले.

टाळ्या विरत गेल्या. रम्या मॅडमनी विचारलं, "म्हणजे?"

"वीस सेकंद लागले. स्विच शनिवारीच करून ठेवला होता. काय होणार ते मला शुक्रवारी माहीत होतं, मंजूर करताना. सहा पाचला मी बटणावर बोट ठेवून बसले होते. सव्वासहाला कल्लाप्पा मालनबाईंना आणायला तयार होता, त्याला मी दुसरीकडे पाठवलं. सर ग्रुपवर माफी मागेपर्यंत मी थांबले. बाकीची मिनिटं मी घेतली."

एकजण लॅपटॉपचं झाकण हळूच मिटत होता. रम्या मॅडम अहवालातल्या वेळा पुन्हा पाहत होत्या. आगट्यांनी विचारलं, आणि मराठीत.

"त्या मालनबाई कुठल्या दवाखान्यात आहेत?"

मी नाव सांगितलं, मजला सांगितला, खाटेचा नंबर सांगितला. त्यांनी तो हातावर लिहून घेतला आणि बैठक अर्धी टाकून निघून गेले. त्या खोलीत एवढं विचारणारे ते एकटेच होते, आणि त्याबद्दलही मला त्यांचा राग आला.